हिशेब मागायला उठा



बेळगाव-निपाणीच्या आपल्या मातीला काय कमी आहे? वेदगंगा आणि दूधगंगा आपल्या शिवारातून वाहतात. घटप्रभेवर हिडकल आणि मलप्रभेवर नविलुतीर्थ ही धरणं उभी आहेत. निपाणीच्या तंबाखूचं नाव देशातला प्रत्येक विडी कारखानदार जाणतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओतलेले सुटे भाग आणि तिथल्या शेडमध्ये घडलेले हायड्रॉलिक पंप देशभर जातात, परदेशीही जातात. जिल्ह्यात साखर कारखाने दोन डझनांहून जास्त आहेत. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथं आहे. विधानसभेत अठरा आमदार पाठवणारा हा जिल्हा कर्नाटकात बेंगळुरूच्या खालोखाल मोठा.

तरीही इथला इंजिनिअर झालेला पोरगा पुण्याची नाहीतर बेंगळुरूची रात्रीची बस धरतो. आयटीआय झालेला कागलच्या एमआयडीसीत रोजंदारी शोधतो. पिढ्यान् पिढ्या विड्या वळणाऱ्या बाईच्या घरावर अजून पत्रा आहे. ऊस घालून चार महिने झालेला शेतकरी सोसायटीच्या दारात कर्जाचं नवं-जुनं करायला उभा राहतो. जो पिकवतो, वळतो आणि ओततो, त्याच्याच पदरात एवढं कमी का पडतं?

नशीब, सरकार, सीमा, भांडवल नाही, पाऊस नाही अशी पुष्कळ उत्तरं आपण देतो. त्या प्रत्येकात थोडं तथ्य आहे. पण मुळाशी असलेली गोष्ट आपण बोलत नाही. आपण हिशेब मागायचं सोडून दिलं आहे. ज्या काळात इथला माणूस संघटित होऊन हिशेब मागत होता, त्या काळात राज्याला हलावं लागलं, कायदे पाळावे लागले, भाव द्यावे लागले. आपण गप्प बसलो आणि आपल्या वाट्याला उरलेसुरले तुकडे आले. हे मी रागाने लिहितो आहे, पण त्याहून जास्त विश्वासाने लिहितो आहे, कारण उठून उभं राहण्याची परंपरा याच मातीत आहे.

निपाणीच्या कुठल्याही गल्लीत दुपारी डोकावून बघा. उंबऱ्यात एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली दिसेल. सुपात एका बाजूला जर्दा, दुसऱ्या बाजूला रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. कात्रीने पान कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हात थांबत नाहीत. बोलतानाही थांबत नाहीत. पाठीला बाक आलेला, बोटांची टोकं काळी पडलेली, श्वासात तंबाखूची धूळ. शेजारी शाळेतून आलेली मुलगी तोंडं दुमडायला बसते. संध्याकाळी बंडल घेऊन ती बाई ठेकेदाराकडे जाते. तिथं मालाची छाट निघते. हजारातल्या इतक्या विड्या बाद, असं सांगितलं जातं. त्यांची मजुरी गेली, वर पान कमी आणलं म्हणून कापणी झाली. बाद म्हणून बाजूला काढलेल्या विड्या कुठं जातात, हे ती विचारत नाही. विचारलं तर उद्या पान मिळणार नाही.

आता कायदा काय सांगत होता ते पाहा. १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. मालकाने कामाची नोंद ठेवावी, सुट्टी द्यावी, छाटीच्या नावाखाली लूट करू नये, हे सगळं त्या कायद्यात आणि त्याच्या नियमांत आलं. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवरच्या उपकरातून दवाखाना, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरकुलं द्यायची, असं ठरलं. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे आणि भविष्य निर्वाह निधीवर तिचा हक्क आहे. पुढे २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा तो कायदा त्यांत विरून गेला. साठ वर्षांत एवढं सगळं त्या सुपाभोवती घडलं. सुपापुढे बसलेल्या बाईला यातलं किती कुणी सांगितलं? तिच्या नावाने काय बदललं आणि काय गेलं, हे तिला विचारूनसुद्धा ठरलं नाही. कायदा दिल्लीत होतो. तो गल्लीत उतरवायला माणसं लागतात.

अशी माणसं जिथं होती, तिथं काय झालं हे केरळातल्या कण्णूरला विचारा. १९६६ चा कायदा केरळ सरकारने खरोखर लागू करायला घेतला, तेव्हा मंगळूरच्या एका मोठ्या विडी कंपनीने कण्णूर भागातलं आपलं काम बंद केलं. सुमारे बारा हजार कामगार एका फटक्यात रस्त्यावर आले. मालकाला वाटलं, पोट जळालं की हे परत येतील आणि कायदा विसरतील. ते परत गेले नाहीत. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्यांनी दिनेश विडी नावाची सहकारी संस्था काढली. सरकारने भागभांडवलासाठी कर्जाच्या रूपाने हात दिला, पण संस्था चालवली कामगारांनीच. किमान वेतन, बोनस, पगारी सुट्टी आणि निवृत्तिवेतन देऊनही विडीचा धंदा चालतो, हे त्यांनी करून दाखवलं. भर काळात चाळीस हजारांवर माणसं तिथं काम करत होती. विडीचे दिवस सरतील हे ओळखून त्यांनी पुढे खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे, अगदी संगणकाच्या कामापर्यंत पाय पसरले.

तंबाखू तीच, पान तेच, बोटंही तशीच. कण्णूर आणि निपाणी यांच्यात फरक पडला तो राज्य आणि समाज यांच्यातल्या नात्याने. तिथं संघटना इतकी भक्कम होती की सरकारला कायदा अंमलात आणावाच लागला, आणि सरकार इतकं जागं होतं की संघटनेला उभं राहायला त्याने पाठबळ दिलं. दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं. आर्थिक विकासाचं मर्म एवढंच आहे.

आणि निपाणी कायमच गप्प नव्हती, हे विसरून चालणार नाही. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीला निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायका संपावर गेल्या. दिवसभर धुळीत चाळण मारणाऱ्या, मुकादमाच्या शिव्या आणि नको ते स्पर्श सोसणाऱ्या या बायका. त्यांच्या पाठीशी प्राध्यापक सुभाष जोशी उभे राहिले आणि चिकोडी तालुका कामगार महासंघाने त्यांना एकत्र बांधलं. लेखक अनिल अवचटांनी त्यांचं जिणं लिहून महाराष्ट्रापुढे मांडलं. १९८२ साली युगांतर या गटाने याच बायकांवर 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा चित्रपट केला आणि त्या बायका स्वतःच त्यात पडद्यावर आल्या. ज्यांना वर मान करून बोलायची बंदी होती, त्या बायकांनी मालकाला वाटाघाटीला बसवलं. आज त्यांच्या लेकी-सुनांना ही गोष्ट माहीत आहे का? घराघरात ही गोष्ट सांगितली जाते का?

मग आलं १९८१. केंद्राने दोन वर्षांपूर्वीच कच्च्या तंबाखूवरचा अबकारी कर उठवला होता. कर गेला, पण भाव ठरवण्याची सूत्रं वखारवाल्याच्याच हाती राहिली. माल उधारीवर न्यायचा, वजनात सूट कापायची, पैसे देईन तेव्हा देईन म्हणायचं, हा धंद्याचा रिवाज होता. शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर तंबाखूचा शेतकरी बैलगाड्या आणि बायकापोरांसह पुणे-बेंगळुरू महामार्गावर येऊन बसला. दिवसामागून दिवस तो रस्ता अडवून बसून राहिला. त्यात मराठी होते, कानडी होते, जैन होते, लिंगायत होते, मराठा होते. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पिकाचा भाव मागायला आलेल्या माणसांचं रक्त त्या रस्त्यावर सांडलं. त्यांचा गुन्हा एवढाच होता की त्यांनी हिशेब मागितला.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९८० मध्ये, आपल्याच मलप्रभेच्या पाण्यासाठी नरगुंद आणि नवलगुंदचा शेतकरी उठला होता. पाणी पुरतं पोचलं नाही, पण सुधारणा कराची पावती मात्र दारात आली. तिथंही गोळीबार झाला. त्या रक्तातून कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला, आणि १९८३ च्या निवडणुकीत कर्नाटकात पहिल्यांदा काँग्रेसेतर सरकार आलं. त्याच सरकारने जिल्हा परिषदांना आणि मंडल पंचायतींना अधिकार देणारा कायदा आणला, ज्याचं कौतुक देशभर झालं. म्हणजे शेतकरी रस्त्यावर आला आणि सत्तेची घडीच बदलली. आज ग्रामसभेत आपण जो हात वर करू शकतो, त्यामागे नरगुंदचा आणि निपाणीचा शेतकरी आहे.

आता उसाकडे या. तंबाखूच्या जागी आपण ऊस लावला, कारण उसाला कायद्याचा आधार आहे असं वाटलं. आणि आधार आहेच. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलं आहे की ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यायचं. आपल्यापैकी किती जणांनी ते व्याज मागितलं? काट्यावर गाडी चढवताना किती जणांनी आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतलं? उतारा कुणी काढला, कसा काढला, हे किती सभासदांनी वार्षिक सभेत उभं राहून विचारलं? सभेत चहा-वडा होतो, अहवाल 'मंजूर, मंजूर' म्हणून पास होतो आणि आपण घरी येऊन कारखान्याला शिव्या देतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक ठिय्या मारून बसले. आधी कुणी फिरकलं नाही. गर्दी वाढली, मठाचे स्वामी आले, विद्यार्थी आले, वकील आले, बाजारपेठा बंद झाल्या. तेव्हा राज्य सरकारला कारखानदारांना समोर बसवावं लागलं आणि टनाला ३,३०० रुपयांचा तोडगा काढावा लागला. मागणी ३,५०० ची होती, म्हणजे पूर्ण पदरात पडली नाही. पण थंड पडलेलं सरकारी यंत्र माणसं उभी राहिली की किती लवकर फिरतं, हे सगळ्या जिल्ह्याने पाहिलं. प्रश्न एवढाच की ही ताकद वर्षातून एकदा रस्त्यावरच का दिसावी? वर्षभर सोसायटीत, कारखान्यात, पंचायतीत का दिसू नये?

इथं मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. राज्य आपल्याला आता दुसऱ्याच नावाने हाक मारतं. लाभार्थी! सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार, पलीकडे महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे दीड हजार. माझ्या मायबहिणींनो, ते पैसे घ्या. तो तुमच्याच करातला, तुमच्याच घामातला पैसा आहे, त्यात कसली लाज नाही. विड्या वळून पाठ मोडलेल्या बाईच्या हातात स्वतःचे दोन हजार आले, मोफत बसने ती माहेरी जाऊन आली, तर ती सुखाची गोष्ट आहे. पण त्या दोन हजारांच्या बदल्यात हजार विड्यांची मजुरी विचारायची विसरू नका. खात्यावर आलेला हप्ता सरकार उद्या बंद करू शकतं. संघटना करून मिळवलेला मजुरीचा दर सहजासहजी कुणी काढून घेऊ शकत नाही. ज्याला देणगी मिळते तो आभार मानतो. ज्याचा हक्क आहे तो पावती मागतो. आपल्याला पावती मागणारे व्हायचं आहे.

देश पुढे कसे जातात, हे थोडं जगाकडे पाहून समजून घेऊ. १९६० साली दक्षिण कोरिया युद्धाने उद्ध्वस्त झालेला, गरीब देश होता. तिथं आधीच जमिनीचं वाटप झालं होतं आणि प्रत्येक मूल शाळेत जाईल हे पाहिलं गेलं. सरकारने उद्योगांना स्वस्त कर्ज दिलं, पण बदल्यात निर्यातीचं उद्दिष्ट पुरं करून दाखवायला लावलं. सरकारने उद्योगाकडून हिशेब घेतला. मात्र कामगाराचं तोंड दाबून ठेवलं, आणि त्याची किंमत त्या समाजाने वर्षानुवर्षं मोजली. शेवटी १९८७ साली लाखो माणसं रस्त्यावर आली, लोकशाही आली, संघटना आल्या, आणि त्या देशाच्या भरभराटीचा वाटा सामान्य घरापर्यंत जाऊ लागला. नुसतं बळकट सरकार पुरत नाही, कारण त्याचा पाय लोकांच्या मानेवर पडतो. नुसता चिडलेला समाजही पुरत नाही, कारण त्याचा राग बस जाळून विझतो. काम करणारं राज्य आणि त्याला जाब विचारणारा संघटित समाज, ही बैलजोडी जुंपली तरच नांगर चालतो.

आपल्याकडे काय चाललं आहे? बेळगावच्या वेशीवर हलगा-बस्तवाडजवळ सुवर्ण विधानसौध उभा राहिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. वर्षातून थोडे दिवस तिथं विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, गाड्यांचे ताफे येतात, आणि बाकीचे महिने त्या भव्य इमारतीत उत्तर कर्नाटकाचा कुठला प्रश्न सुटतो? डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली राज्यातल्या १७५ तालुक्यांपैकी ११४ मागास ठरवले आणि कोणत्या तालुक्याला काय कमी आहे हे आकड्यांनिशी मांडलं. त्यानंतर वीस वर्षं उलटली आणि २०२४ मध्ये प्रादेशिक असमतोल मोजायला सरकारला पुन्हा नवी समिती नेमावी लागली. समित्यांचे अहवाल कपाटात राहतात, कारण ते वाचून तहसील कचेरीत जाऊन बसणारा कुणी नसतो.

त्याच हलग्यापासून मच्छेपर्यंत बायपास करायचं ठरलं, तेव्हा शहापूर, अनगोळ, वडगाव, येळ्ळूर भागातल्या भाताच्या सुपीक जमिनीवर रेघा ओढल्या गेल्या. रस्ता नको असं कोण म्हणतो? पण ज्यांची पिकाऊ जमीन जाणार होती ती माणसं बोलणीत नव्हती.  मग कोर्टकचेऱ्या आल्या, शेतात बायका आडव्या पडल्या, पोलीस आले, वर्षं गेली, खर्च वाढला. सुरुवातीलाच शेतकऱ्याला समोर बसवून विचारलं असतं तर रस्ताही झाला असता आणि विश्वासही राहिला असता. विश्वास मोडला की विकासही महाग पडतो, हे सरकारने समजून घ्यावं. आणि जमीन जाण्याआधी संघटित व्हायचं असतं, नंतर नाही, हे आपण समजून घ्यावं.

सीमेबद्दल बोलल्याशिवाय सीमाभागातला कुठलाही लेख पुरा होत नाही. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात आणि निपाणीत सीमाआंदोलकांवर गोळीबार झाला. निपाणीच्या कमळाबाई मोहिते त्यात हुतात्मा झाल्या. त्यांच्या नावापुढे आपली मान झुकते. सर्वोच्च न्यायालयात सीमाभागासाठी महाराष्ट्राचा दावा २००४ पासून चालू आहे आणि न्यायाची वाट आपण सनदशीर मार्गाने पाहतो आहोत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला राज्यघटनेचं कलम ३५० अ सांगतं, आणि त्यांच्या संरक्षणावर लक्ष ठेवायला कलम ३५० ब विशेष अधिकारी देतं; भाषेचा सन्मान आणि मराठीत सरकारी कागदपत्रं ही आपली मागणी आहे. तेही मागत राहिलं पाहिजे.

पण बंधूंनो, कोर्टाची तारीख पडेपर्यंत पोटाची तारीख थांबत नाही. तावंदी घाटापासून खानापूरपर्यंत प्रत्येक गावात आपण सीमेच्या प्रश्नावर एक होतो, आणि उसाच्या वजनावर, विडीच्या छाटीवर, रोजगाराच्या मस्टरवर चार वाटांनी पांगतो. आणि या प्रश्नांवर आपला कानडी शेजारी आपल्याच बाजूला उभा आहे, हे विसरतो. वखारीत चाळण मारताना आपल्या बहिणीबरोबर खोकणारी बाई घरी कुठली भाषा बोलते, याने तिच्या फुफ्फुसाला काही फरक पडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर चढलं तेव्हा कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हींच्या गाड्या एकाच रांगेत अडकल्या. पूर मराठी-कानडी ओळखत नाही आणि काटामारीही ओळखत नाही.

या गावांचा इतिहास तरी काय सांगतो? १९१६ च्या एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगावात केली. त्याच वर्षी, त्याच गावात, सात शिक्षकांनी केएलई शिक्षण संस्थेचं रोपटं लावलं, ज्याखाली आज हजारो मुलं शिकतात. एक मराठी पुढारी राज्याला जाब विचारायला उभा राहिला, आणि सात कानडी शिक्षकांनी राज्याची वाट न पाहता शाळा उभी केली. १९२४ साली महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं काँग्रेस अधिवेशन इथंच भरलं, ते एकच. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद झाली, आणि ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं ती माणसं मंडपात ताठ मानेने बसली. १९८१ साली सुरेश हुंदरे यांनी बेळगावात पॉलिहायड्रॉन ही कंपनी काढली आणि लाच न देता, कर न बुडवता कारखाना चालतो हे दाखवून दिलं. जाब विचारणं आणि उभारणं, ही दोन्ही कामं आपल्या पूर्वजांनी केली. आपण दोन्ही सोडून नेत्याच्या गाडीमागे धावतो आहोत.

मग करायचं काय? मोर्चाची तारीख जाहीर करून मी थांबणार नाही. उद्या सकाळपासून करता येतील अशी कामं सांगतो.

पहिलं काम विडी वळणाऱ्या बहिणींचं. प्रत्येक गल्लीत एक वही ठेवा. कुणी किती हजार वळले, किती छाट निघाली, हातात किती पडले, रोज लिहा. शाळेत जाणारी तुमची मुलगी हे लिहील. महिन्याने दहा गल्ल्यांच्या वह्या एकत्र केल्या की कुठला ठेकेदार किती कापतो हे आपोआप दिसेल. ती वही घेऊन कामगार खात्याच्या दारात जा. नव्या संहितांचे नियम इथं कसे लावले जातात, त्यात विडी कामगाराचं काय होतं, हे विचारा. एकटीने जाऊ नका, पन्नास जणी मिळून जा.

दुसरं काम ऊसवाल्यांचं. चौदा दिवस मोजा. पंधराव्या दिवशी व्याजाची लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. कारखान्याच्या वार्षिक सभेत लेखी प्रश्न आधी पाठवा. गावातल्या शिकलेल्या पोरांना ताळेबंद वाचायला बसवा. बीकॉम झालेली शेकडो मुलं निपाणी-चिकोडीत आहेत. सहकार त्यांच्या आजोबांनी उभा केला, तो वाचणं त्यांचं काम आहे.

तिसरं काम सगळ्यांचं. कर्नाटकात सकाल कायदा आहे. दाखला, उतारा, जोडणी, प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिले आहेत. उशीर झाला तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अशी भरपाई आहे. रक्कम लहान आहे, पण एका तालुक्यातून शंभर जणांनी ती मागितली तर कचेरी हलते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, तोही वापरा. दहा रुपयांचा तो अर्ज दहा पुढाऱ्यांच्या शिफारशीपेक्षा जास्त काम करतो.

चौथं काम ग्रामसभेचं आणि प्रभागाचं. ग्रामसभेला जा. कोरम नसताना कागदावर सह्या होऊ देऊ नका. गटार आणि दिव्याच्या पलीकडे जाऊन विचारा: या वर्षी गावात किती पैसा आला, कुठल्या कामावर गेला, काम कुणी पाहिलं? शाळेत शिक्षक किती मंजूर आहेत आणि किती हजर आहेत? मराठी शाळेची पटसंख्या घसरते म्हणून आपण हळहळतो, पण शाळा सुधारणा समितीच्या बैठकीला बसत नाही.

पाचवं काम उद्योजकांचं आणि शिकलेल्यांचं. उद्यमबागेच्या कारखानदारांनो, इथली पोरं पुण्याला जातात याचं दुःख तुम्हालाही आहे. आयटीआय आणि अभियांत्रिकी कॉलेजांशी करार करा, शिकाऊ मुलांना खरं काम आणि खरा पगार द्या. निपाणीत विडीचा धंदा आटत चालला आहे. त्या बायकांची बोटं जगातल्या कुठल्याही नाजूक कामाला तोडीस तोड आहेत. शिवण, पॅकिंग, खाद्यपदार्थ, लहान सुट्या भागांची जोडणी, त्यांच्यासाठी नवा रस्ता आखायचा तर आत्ता आखा. धंदा बसल्यावर आखलेल्या रस्त्यावर चालायला कुणी उरत नाही.

आणि सरकारला एकच सांगणं. बेंगळुरू असो वा मुंबई, या भागाला वर्षातून एकदा आठवण काढायचा नकाशा समजू नका. इथं माणसं राहतात. त्यांना विचारून योजना आखा, त्यांच्या भाषेत कागद द्या, ठरल्या दिवशी काम करा, आणि चुकलात तर सांगा. हा भाग तुम्हाला भरभरून देईल. भाव मागितला म्हणून गोळ्या झेललेला हा समाज राज्याचा शत्रू कधीच नव्हता. तो राज्याकडून शब्द पाळण्याची अपेक्षा करणारा नागरिक होता.

बांधवांनो, कुणी येऊन आपल्याला वर काढेल याची वाट पाहण्यात दोन पिढ्या गेल्या. तिसरी पिढी बसच्या खिडकीतून गाव मागे पडताना पाहते आहे. तिला थांबवायचं असेल तर तिला सांगण्यासारखं काहीतरी आज केलं पाहिजे. वखारीतल्या बायकांनी हे एकदा केलं, महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांनी केलं. त्यांच्याकडे पैसा नव्हता, मोबाइल नव्हता, माहितीचा अधिकार नव्हता. आपल्याकडे हे सगळं आहे. नाही ती फक्त एकी, आणि ती दुकानात मिळत नाही, ती आपणच करावी लागते.

या रविवारी आपल्या गल्लीत दहा घरं एकत्र बसवा. मराठी घर, कानडी घर, विडीवालीचं घर, ऊसवाल्याचं घर, फौंड्रीत जाणाऱ्याचं घर. एक वही उघडा. पहिल्या पानावर लिहा, आम्ही काय पिकवतो आणि आम्हाला काय मिळतं. दुसऱ्या पानावर लिहा, हा फरक कोण खातो. तिसरं पान मोकळं ठेवा आणि ते भरायला एकत्र बाहेर पडा. उठा, हिशेब मागा, आणि मिळेपर्यंत बसू नका!